धाबळीचा धडा

सोमवार, १४ डिसेंबर १९५३, सकाळचे साडेसात. वेळ नक्की आठवते, कारण ओसरीतल्या घड्याळाचा अर्ध्या तासाचा टोला पडला की अण्णा, म्हणजे माझे वडील, रोग्यांच्या नाड्या पाहायला बसत. त्या दिवशी तो टोला पडला आणि म्हाळू धनगरानं खांद्यावरची घोंगडी उलगडून एक पिल्लू अण्णांच्या बैठकीपुढे ठेवलं. दीड महिन्याचं असेल. कान पडलेले, पोट टम्म, रंग वाळल्या हिरड्यासारखा काळपट तपकिरी. म्हाळूचा लेक दिवाळीच्या सुमारास तापानं अंथरुणाला खिळला होता; अण्णांनी त्याला तीन आठवड्यांत उठवून बसवलं होतं. म्हाळूला रिकाम्या हातानं यायचं नव्हतं.

"वैद्यबुवा, मेंढरामागची जात हाय. लांडग्याला हटत न्हाई. घ्या."

"माझ्या घरात मेंढरं कुठायत रे, म्हाळू?"

"मेंढरं न्हाईत, पर माणसं किती! कुणी तरी राखायला पाहिजेच की."

ओसरीवरचे रोगी हसले. रोग्यानं प्रेमानं आणलेली वस्तू परत करायची नाही, हा अण्णांचा नियम होता. त्या नियमानं आमच्या घरी यापूर्वी मधाची पोळी, लाल भोपळे आणि एकदा आंधळी म्हैससुद्धा आली होती. तेवढ्यात पिल्लू उठलं, नाक वर करून उभं राहिलं, आणि ओसरीवर पंचवीस माणसं बसलेली असताना एकाकडेही न पाहता माजघरातून थेट स्वयंपाकघरात गेलं. क्षणभरानं आतून आत्याची किंकाळी आली.

आत्या अण्णांची थोरली बहीण; ते तिला अक्का म्हणत. वयाच्या सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून आमच्या घरची चूल तिच्याकडे. ती सोवळ्यात स्वयंपाक करी. थंडीच्या दिवसांत तिचं सोवळं म्हणजे लोकरीची धाबळी: मळकट पांढरी, जाड, अंगाला टोचणारी. धाबळी नेसलेली असताना तिला कुणी शिवायचं नाही. शिवलं तर तिनं पुन्हा स्नान करायचं, काठीनं वलणीवर वाळत टाकलेली दुसरी धाबळी काढायची आणि चुलीवरचं अन्न गाईला जायचं. पिल्लू तिच्या पाठीमागून येऊन तिच्या मांडीवर चढलं होतं. तो दिवसभराचा वरणभात गाईनं खाल्ला. पंधरा माणसं दुपारी दीडला जेवली.

संध्याकाळी अण्णांनी मला बोलावलं. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि मॅट्रिकला नापास होऊन घरी बसलो होतो. आमच्या तीर्थपुरीत त्या काळी अशी गोष्ट पहिल्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक होई आणि वर्षभर कुणी विसरत नसे. अण्णा म्हणाले, "हे पिल्लू तुझ्याकडे. संक्रांतीपर्यंत त्याला वळण लाव. अक्काला शिवता कामा नये. न्हाई जमलं तर म्हाळू येईल तेव्हा परत द्यायचं. आणि मंग तूही काही शिकवायच्या-शिकायच्या भानगडीत पडू नकोस. शेतावर जाऊन राहा."

एवढंच. माझं पुढचं शिक्षण त्या पिल्लाच्या गळ्यात बांधून अण्णा संध्येला बसले.

आमचं घर कधी शांत नसे. पहाटेपासून ओसरीच्या एका टोकाला गफूरमामा लोखंडी खलात औषधं कुटत बसे. त्याचा तो ठोका, ठाक्-ठाक्, मध्येच थांबून चाळणीचा खरखराट, पुन्हा ठोका, हा आमच्या घराचा श्वास होता. तो थांबला की आम्ही माना वर करून पाहत असू. वाळल्या औषधाला विटाळ नाही, असं अण्णांचं मत. चुलीपाशी मात्र आत्याचं मत चाले, आणि ही हद्द दोघांनीही कधी ओलांडली नाही. घनसावंगीकडून, अंबडकडून बैलगाड्या येत. लांबचे रोगी जेवायला राहत. माझी आई दळण, पाणी, पाहुणे आणि माझी चार भावंडं यांच्यात दिवसभर चालतच असे. तिला बसलेली मी फारशी पाहिली नाही. घराला सुंठीचा, अडुळशाचा आणि करपलेल्या दुधाचा वास असे. अशा घरात एक पिल्लू वाढवणं म्हणजे बाजारात बसून ध्यान लावण्यासारखं आहे. मी आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे, आणि तो महिना आठवला की आधी थकवा आठवतो.

पिल्लाचं नाव हिरड्या पडलं. ते गफूरमामानं ठेवलं. हिरड्यानं पहिल्या आठवड्यात अकरा वहाणा चावल्या. कुंभार पिंपळगावचा एक पाटील एका पायात वहाण आणि एका पायात चिंधी गुंडाळून गेला, आणि जाताना म्हणाला, "वैद्यबुवा, पोटदुखी बरी झाली, पायदुखी मात्र नवी दिलीत." तीन वेळा त्यानं वाळत घातलेल्या आवळकाठीवर मूत्र केलं. मी त्याला उचलून परसात नेई, तिथं बसवी, पुन्हा आणी. दिवसातून वीस वेळा. पंधरा माणसांच्या घरात एकाची शिस्त दुसरा मोडतो: मी त्याला भाकरी दाराबाहेर द्यायचो, माझी धाकटी बहीण सुमन त्याला ताटाखालून द्यायची, आणि रोग्यांची पोरं गुळाचे खडे चारायची. तरी पंधरा दिवसांत तो परसात जाऊन बसायला शिकला, नावाला ओ द्यायला शिकला, वहाणांपासून लांब राहायला शिकला. गफूरमामा खल थांबवून म्हणायचा, "क्या विसूभाऊ! तुम्ही मॅट्रिक नापास, आन् कुत्र्याला पास करून राह्यले!"

एकच गोष्ट त्याला कळेना. रोज सकाळी आत्या स्नान करून, धाबळी नेसून चुलीपुढे बसली की तो कुठूनही येई. दाराला फळी आडवी लावली तर खालून शिरे. फळी खाली घेतली तर वरून पडे. बांधला तर दोर चावून येई. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईच्या मागे तो असा लागला नाही. आत्या ओरडायची, "शिवलं मेलं!" आणि उठून विहिरीकडे जायची. पौषाची थंडी, विहिरीचं गार पाणी. कधी दोनदा, कधी तीनदा. तिला खोकला लागला. अण्णांनी काढा दिला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता एक गोष्ट लिहितो, जी तेव्हा मी ऐकली पण समजलो नाही. एकदा मी फळीबाहेर लपून बसलो होतो, पिल्लाला ऐन वेळी धरावं म्हणून. ते माझ्या हातून निसटून आत गेलं. आत्या ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आलास? बाटव मला. बाटव." मी तो राग समजलो. या घरात तिला चौतीस वर्षांत जाणूनबुजून कुणी हात लावला नव्हता, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही मोजली नव्हती. पिल्लाला हाकला, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिची किंकाळी सगळ्यांना ऐकू येई, हे न बोलणं कुणाच्या कानावर पडलं नाही.

संक्रांतीला बारा दिवस उरले तेव्हा मी उपाय शोधला. त्याचा मला अभिमान वाटला होता, म्हणून तो तपशिलानं लिहितो. आत्याची एक जुनी, विरलेली धाबळी आईनं पोतेऱ्यासाठी काढून ठेवली होती. ती मी मागून घेतली. दुपारची जेवणं झाल्यावर गोठ्यात तीन विटांची चूल मांडली, ती धाबळी अंगावर गुंडाळली आणि आत्या बसते तसा पाठमोरा बसलो. हातात तुराटीची काठी. हिरड्या आला. अंगाला नाक लावलं की मी वळून मारायचो. तो केकाटून पळायचा, आणि थोड्या वेळानं परत यायचा. पहिल्या दिवशी तो पाच वेळा परत आला. पाचव्या वेळी आला तेव्हाही त्याची शेपटी हलत होती.

मी रागानं मारलं नाही. हे बचाव म्हणून लिहीत नाही. रागानं मारलं असतं तर हात लवकर थकला असता. मी पाढे घोकावेत तसं मारलं. रोज, त्याच वेळी, आठ दिवस. गफूरमामा पाणी प्यायला परसात आला होता, त्यानं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "विसूभाऊ, कुत्रं हाय का कापूस हाय ते? किती पिंजता? बस करा आता." मी त्याला म्हणालो, "तुम्ही तुमचा खल सांभाळा." तो गेला. त्या दिवशी बराच वेळ खलाचा ठोका आला नाही.

नवव्या दिवशी मी धाबळी गुंडाळून बसलो, आणि हिरड्या आला नाही. गोठ्याच्या दारात थांबला, जमिनीला पोट टेकलं आणि मागे मागे सरकत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चुलीपुढे बसली. मी फळी काढून टाकली. दार सताड उघडं. तो फिरकला नाही. स्वयंपाक वेळेवर झाला, पंधरा माणसं अकराला जेवली. अण्णा पानावरून उठताना म्हणाले, "बराबर." माझ्याबद्दल त्यांनी हा शब्द त्यापूर्वी वापरलेला मला आठवत नाही. आई म्हणाली, "बाई गं, सुटलो." आत्यानं त्या दिवशी भाकरी थापताना दोनदा मागे वळून दाराकडे पाहिलं. हे मला आज दिसतं. त्या दिवशीही दिसलं होतं.

माझ्या नातवाच्या घरी हल्ली कुत्र्याला शिकवायला एक माणूस येतो. त्याच्या कमरेला पिशवी असते, पिशवीत बिस्किटं. कुत्र्यानं ऐकलं की बिस्किट देतो, नाही ऐकलं तर नुसता उभा राहतो. मी खुर्चीत बसून पाहतो. नातसून विचारते, "आजोबा, तुम्ही पण कुत्रा पाळला होता ना?" मी हो म्हणतो.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी घरात हळदीकुंकू होतं. ओसरीवरून रोग्यांना लवकर निरोप दिला होता. गावातल्या सवाष्णी सुगडं घेऊन येत होत्या. माजघरात बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज. आत्यानं पहाटेपासून गुळाच्या पोळ्या लाटल्या होत्या, आणि बायका यायला लागल्या तशी ती नेहमीप्रमाणे, अंगावरच्या धाबळीतच, मागच्या पडवीत येऊन बसली. तिनं तिथं बसावं असं कुणी सांगत नसे. मी विहिरीवर होतो. हिरड्या परसात, चिंचेखाली. आत्यानं इकडेतिकडे पाहिलं, ओच्यातून गुळाच्या पोळीचा तुकडा काढला आणि हात लांब करून म्हणाली, "ये रे. ये. घे."

हिरड्यानं तिला पाहिलं. तो उठला नाही. त्याचं अंग थरथरायला लागलं. आत्या उठून दोन पावलं पुढे आली, तसा तो जमिनीला चिकटला, आणि त्याच्याखालची माती ओली झाली.

"ह्याला काय झालं रे, विसू?" आत्यानं विचारलं. "आजारी हाय का?"

"न्हाई आत्या," मी म्हणालो. मला वाटलं, आता शाबासकी. "शिकवला मी त्याला. आता तुला बिलकुल शिवणार न्हाई."

"कसा शिकवला?"

मी सांगितलं. धाबळी, विटा, तुराटी, आठ दिवस, सगळं. सांगता सांगता माझा आवाज का उतरला हे मला कळलं नाही. आत्याचा हात अजून पुढेच होता. तिनं तो खाली घेतला, पोळीचा तुकडा ओच्यात परत ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच वेळी म्हाळू धनगर परसदारानं आत आला. लेकाला अण्णांच्या पाया पडायला घेऊन आला होता. पिल्लू दिसताच त्याचा चेहरा खुलला. "अरं, वाढलं की!" असं म्हणत तो खाली बसला आणि त्यानं हिरड्याला उचलून आपल्या घोंगडीत घेतलं. मी असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. पिल्लू किंचाळलं, वळलं आणि म्हाळूच्या अंगठ्याला कडकडून चावलं. म्हाळूनं सोडून दिलं. ते गोठ्यात पळालं आणि गव्हाणीखाली शिरलं. माजघरातलं हसणं थांबलं. अण्णा बाहेर आले.

म्हाळूनं अंगठा चोखला. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. "वैद्यबुवा, काय केलं ह्याला? ह्याची माय माझ्या घोंगडीवरच व्याली. डोळे न्हवते उघडले तवापासून ते घोंगडीतच निजतंय. लोकरीचा वास आला का माय आली, असं वाटतं त्याला. आन् आता लोकरीलाच भिऊन राह्यलं?"

मी आत्याच्या अंगावरच्या धाबळीकडे पाहिलं. पंचवीस रोगी ओलांडून, फळीखालून, दोर तोडून ते पिल्लू रोज का येत होतं, ते मला तिथं, विहिरीचा दोर हातात असताना कळलं. आत्यालाही त्याच क्षणी कळलं असावं. ती पडवीच्या खांबाला धरून खाली बसली.

अण्णांनी म्हाळूचा अंगठा धुवून त्यावर हळद दाबली. मग विचारलं, "परत नेतोस का त्याला?"

"काय करू नेऊन? मेंढरात लोकरच लोकर. मरंल ते भिऊन." म्हाळूनं माझ्याकडे पाहिलं, पण बोलला अण्णांशीच. "तुमच्याकडंच राहू द्या आता."

अण्णांनी माझ्याशी बोलताना आवाज चढवला नाही. "सांगितलेलं काम तू केलंस," ते म्हणाले. "अक्काला शिवत न्हाई. जूनपासून जालन्याला जा, परीक्षेला बस." एवढं बोलून ते आत गेले. मी अट जिंकली होती. पुढे मी मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि एकाही मुलावर छडी उगारली नाही. लोक याला माझा स्वभाव समजत. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

आत्या थोड्या वेळानं उठली. न्हाणीघरात गेली आणि धाबळी सोडून साधं सुती लुगडं नेसून बाहेर आली. सणाचा दिवस, संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा, आणि आत्या ओवळ्यात. आई माजघराच्या दारात हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभीच राहिली. "वन्सं, चूल?" तिनं विचारलं.

"आज तू कर," आत्या म्हणाली.

ती गोठ्यात गेली आणि गव्हाणीपासून दोन हातांवर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली. हात पुढे केला नाही. बोलावलं नाही. नुसती बसली. मी दारात उभा होतो. तिनं विचारलं, "तुझ्याकडे यायचं तेव्हा शेपूट हलवत यायचं का रे?"

"पहिल्या दिवशी," मी म्हणालो.

"हं."

हिरड्या त्या दिवशी बाहेर आला नाही. होळीच्या सुमारास त्यानं तिच्या हातून भाकरी घेतली, ती सुती लुगड्यात असताना. पुढे तो तिच्या पायाशी बसे, तिनं मानेवरून हात फिरवला तर डोळे मिटून घेई. पण ती सकाळी धाबळी नेसून आली की तो उठून परसाच्या टोकाला जाई, आणि स्वयंपाक उरकून ती लुगडं बदलेपर्यंत तिथंच राही. तो नऊ वर्षं जगला. हे अंतर त्यानं एकदाही चुकवलं नाही.

त्या दिवशी मात्र ती दिवेलागणीपर्यंत गोठ्यात बसली. पाय आखडले होते. उठताना गव्हाणीचा आधार घेतला. मी पुढे झालो, पण हात द्यायची सवय आम्हा दोघांनाही नव्हती. देवापुढे दिवा लावायचा तर तिला पुन्हा स्नान करणं भाग होतं. घरातली सगळी जेवायला बसत होती. इतक्या वर्षांत तिच्या स्नानाचं पाणी तीच काढत असे. थंडी असो, ताप असो. मी विहिरीवर गेलो, दोन घागरी भरल्या, बंबात ओतल्या, खाली तुराट्या घातल्या आणि पेटवल्या. पाणी कढत झालं तेव्हा बादली न्हाणीत नेऊन ठेवली, तांब्या पालथा घातला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.